मिरजेचा तंबोरा: सहा महिन्यांच्या रियाजानंतर

संस्थांची रचना ठरवणे हा माझा व्यवसाय आहे. निर्णय कोणाच्या हाती असावा, कोणत्या विभागाने कोणाशी थेट बोलावे, एका हातातले काम दुसऱ्या हाती जाताना त्यातले काय गळून पडते, हे पाहण्यात माझा दिवस जातो. संध्याकाळचा तास गाण्याच्या रियाजाचा असतो आणि अलीकडे त्याला ध्वनिशास्त्राच्या वाचनाची जोड मिळाली आहे. ही तिन्ही वेडे एकाच वस्तूत एकत्र भेटतील असे मला वाटले नव्हते. गेल्या मे महिन्यात मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून मी चार तारांचा, बायकी पट्टीचा तंबोरा घेतला (दुकानात त्याला सरळ ‘लेडीज’ म्हणतात) आणि सहा महिने तो रोज छेडल्यानंतर हे लिहीत आहे.

आधी आवाजाविषयी लिहिते, कारण तंबोरा घ्यायचा तो आवाजासाठी. माझी पट्टी, म्हणजे माझ्या षड्जाची उंची, पेटीवरची काळी चार. त्या पट्टीत पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज (खालच्या सप्तकातला षड्ज) लावून तारा सावकाश छेडल्या की चार वेगळे आघात ऐकू येणे काही क्षणांतच थांबते आणि एक अखंड, भरीव गुंजन खोलीत उभे राहते. खर्जाच्या पितळी तारेतून गांधार इतका स्वच्छ उमटतो की पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीने ‘पाचवी तार कुठे आहे?’ असे विचारले होते. इतकी वर्षे मी फोनमधल्या तंबोऱ्यावर रियाज करत आले. त्यातला स्वर अचूक असतो, पण प्रत्येक आवर्तन आधीच्या आवर्तनाची हुबेहूब नक्कल असते. इथे बोटाचा जोर जरा बदलला तरी उपस्वरांचा, म्हणजे मूळ स्वरासोबत त्याच तारेतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा, रंग बदलतो आणि कानाला सतत जागे राहावे लागते. माझ्या षड्जात त्यामुळे पडलेला फरक गुरुजींनी दुसऱ्याच महिन्यात बोलून दाखवला.

हा आवाज घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात त्या छोट्या आधारावर, घडतो. तंबोऱ्याच्या घोडीची पाठ रुंद आणि अगदी हलक्या उताराची असते, त्यामुळे कंप पावणारी तार एका धारेवरून सुटून न जाता त्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करत राहते, आणि तारेखाली सरकवलेले सूत हा स्पर्श नेमका कुठे व्हावा ते ठरवते. तार जिथे छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू पडतो, ते उपस्वर ऐकू येऊ नयेत असा भौतिकशास्त्रातला जुना नियम आहे. वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये नोंदवले होते. घोडीच्या त्या पाठीला हवा तो उतार देणे म्हणजे जवारी काढणे, आणि तंबोऱ्याची खरी किंमत त्या कामात आहे.

माझ्या तंबोऱ्याची जवारी माझ्यासमोर निघाली. कारागीर साठीच्या पुढचे होते, सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. ‘ताई, पट्टी सांगू नका, गाऊन दाखवा,’ एवढेच ते म्हणाले. मी षड्ज लावला, त्यांनी तारा त्यावर आणल्या, मग त्या सैल करून घोडीवर कानस दोनदा फिरवली, बोटाने भुकटी पुसली, तारा पुन्हा चढवल्या आणि डोळे मिटून ऐकले. हे सव्वा तास चालले होते. मध्येच मी ‘जरा गोल हवी’ असे म्हटले, तेव्हा त्यांनी कानस बाजूला ठेवून जोडीच्या एका तारेखालचे सूत केसभर मागे घेतले, आणि मला शब्दांत सांगता न आलेली गोष्ट त्या तारेतून ऐकू आली.

त्या दुकानात बसून माझ्या व्यवसायाविषयी मी जितके शिकले तितके गेल्या वर्षभरात शिकले नव्हते. संस्थेत माणसे एकमेकांशी जशी बोलतात तसाच घाट तिने घडवलेल्या वस्तूला येतो, असे संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्ये मांडले होते, आणि संगणकाच्या क्षेत्रात ते आजही घोकले जाते. इथे सोलापूर जिल्ह्यातून येणारा कडू भोपळा निवडणारा वेगळा, गळा आणि दांडी सांधणारा वेगळा, नक्षी व पॉलिश करणारा वेगळा. पण ही सगळी घरे हाकेच्या अंतरावर आहेत. तबली (भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी) जाड राहिली तर जवारी काढणारा उठून जातो आणि सांगून येतो. गिऱ्हाईक आणि शेवटचा कान, म्हणजे जवारी काढणारा, यांच्यामध्ये तर कोणीच नसते. मोठ्या कंपन्यांत गिऱ्हाइकाचे म्हणणे चार अहवालांतून गाळून कारागिरापर्यंत पोचते, तेव्हा ‘जरा गोल’ हा शब्द पहिल्याच अहवालात गळलेला असतो.

मिरजेत हे कौशल्य शिकलगारांच्या घराण्यांतून आले. हत्यारांना धार लावणाऱ्या या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात वाद्ये हाती घेतली आणि धातूवर बसलेला हात लाकडावर वळवला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. पंचमाची खुंटी पावसाळ्यात सरकू लागली आणि खडूची पूड लावूनही पूर्ण बसली नाही. खोक्यातले गवत विरळ होते. भोपळा सुखरूप पोचला तो माझ्या मांडीवरून प्रवास केल्यामुळे. पावतीवर फक्त ‘तानपुरा १ नग’ एवढेच लिहिले आहे. लाकूड कोणते, घोडी कशाची, जवारी कोणी काढली, यांपैकी काहीच नाही. जे ज्ञान या गल्लीत तोंडी फिरते ते गावाबाहेर जाणाऱ्या वाद्याबरोबर एका चिठ्ठीवर तरी जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण दहा वर्षांनी दुसरा कोणी कारागीर ही घोडी हाती घेईल तेव्हा त्याला ते लागेल.

मला हा तंबोरा २८,००० रुपयांना पडला आणि पहिली जवारी दुरुस्ती त्यातच धरलेली आहे. फोनवरून मागवण्याची सोय दुकानात आहे, पण रियाजासाठी घेणाऱ्याने स्वतः जावे, अर्धा दिवस मोकळा ठेवावा आणि चाचांसमोर बसण्याआधी गळा तापवून घ्यावा.