‘97 टक्के जीव वाचवले’ म्हणणाऱ्या प्राणी-निवाऱ्याला पैसे देण्याआधी हे वाचा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकूंचं खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगा त्यांना कायमचा पुण्याला घेऊन गेला. त्यांच्या नऊ वर्षांच्या कुत्र्याला, मोतीला, तिथल्या फ्लॅटमध्ये नेता येईना. आमच्याकडे मांजरं, आणि मोतीचं त्यांच्याशी हाडवैर. म्हणून वडोदऱ्याबाहेरच्या एका ट्रस्टच्या निवाऱ्यात त्याला ठेवलं. दाखल करताना 8,000 रुपये, पुढे दरमहा 2,000 काकूंच्या पेन्शनमधून. त्यांच्या पत्रकावर ठळक छापलं होतं, ‘97 टक्के जीव वाचवले’. काकूंनी त्या आकड्यावर भरवसा ठेवला. कुणीही ठेवला असता.

महिन्याच्या महिन्याला व्हॉट्सॲपवर मोतीचा फोटो येई. उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, आलेल्या फोटोत त्याच्या गळ्यात लाल पट्टा होता. तो पट्टा दाखल करतानाच काढून त्यांनी माझ्या हातात दिला होता; तेव्हापासून तो आमच्या कपाटात आहे. फोन केला तर उत्तर, ‘‘बेन, चिंता ना करो, मजामां छे.’’ प्रत्यक्ष गेले, तर मोती नाही. आधी म्हणाले दत्तक गेला. दत्तकाचा कागद मागितला तेव्हा म्हणाले दुसऱ्या सेंटरला पाठवला. कुत्र्यांना जेवण घालणारा मुलगा फाटकापर्यंत मागे आला आणि हळूच म्हणाला, तो पहिल्याच पावसाळ्यात जुलाब लागून गेला. म्हणजे त्यानंतरचे सगळे पैसे मेलेल्या कुत्र्याच्या नावावर घेतले.

मग त्या 97 मध्ये मोती कुठे बसतो, असं मी व्यवस्थापकांना विचारलं. आजारपणात दगावलेले आम्ही मोजतच नाही, म्हणाले, परदेशातही असंच करतात.

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त घातक. 2004 मध्ये अमेरिकेतल्या संस्थांनी कॅलिफोर्नियातल्या असिलोमार इथे आकडेवारीची एक पद्धत ठरवली. तिच्या सूत्रात, निवाऱ्यात आपोआप मेलेले किंवा हरवलेले प्राणी छेदातून वगळलेले आहेत. पण त्यांची संख्या तक्त्यात वेगळी दाखवायचीच असते. ती लपवली की काय होतं बघा. समजा 100 प्राणी आले, 30 आजाराने मेले, 5 ना दयामरण दिलं, 65 जिवंत बाहेर पडले. ते 30 वगळले की 65 भागिले 70, म्हणजे जवळपास 93 टक्के! तिकडे 90 टक्क्यांच्या वर असलेल्या निवाऱ्याला ‘नो-किल’ (प्राणी न मारणारा) म्हणायची रीत आहे. इथे शंभरातले पस्तीस जीव गेलेत, तरी निवारा त्या रांगेत जाऊन बसतो.

आकडा फुगवायची आपल्याकडे आणखी एक वाट आहे. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की त्याला उचलल्या जागी परत सोडायचं असतं. हे काम चांगलंच आहे, व्हायलाच हवं. पण चार दिवसांसाठी आणलेले असे शेकडो कुत्रे ‘वाचवलेले’ म्हणून धरले, की मोतीसारख्या टाकून दिलेल्या किंवा म्हाताऱ्या प्राण्यांचे मृत्यू त्या गर्दीत दिसतच नाहीत. इथेही तेच झालं होतं. दुसऱ्या सेंटरला पाठवलेलाही ‘वाचला’. पुढे त्याचं काय झालं, कुणी विचारत नाही.

म्हणून टक्केवारी ऐकून घेऊ नका, जमाखर्च मागा. वर्षाच्या सुरुवातीला आत किती होते, वर्षात किती आले. दत्तक किती, मालकाकडे परत किती, पाठवले कुठे आणि किती, मेले किती, दयामरण किती, आज शिल्लक किती. पहिल्या दोहोंची बेरीज बाकीच्या सगळ्यांच्या बेरजेइतकी यायलाच हवी. नसबंदीचा हिशेब वेगळा मागा. दत्तक दिलेल्यांपैकी परत किती आले, तेही विचारा. प्रामाणिक निवाऱ्यात मृत्यू होतातच, आणि ते सांगायला तिथले लोक कचरत नाहीत.

देणगीवर आयकर-सवलत मिळेल असं सांगत असतील तर वर्षअखेरीनंतर देणगीचं प्रमाणपत्र (काकूंच्या वेळी कलम 80जी, फॉर्म 10बीई) मिळायला हवं. काकूंना ते कधी मिळालंच नाही. धर्मादाय आयुक्तांकडे आमची तक्रार दाखल आहे. तुमचा प्राणी असा कुठे ठेवलेला असेल तर दाखल-पावती घेऊन न कळवता जा आणि त्याला समोर आणायला सांगा. फोटो दाखवू लागले तर तिथून हलू नका.