घरपोच डीएनए चाचणी: नमुन्याची सोय उत्तम, एचआयव्हीचे पान अपुरे

घरबसल्या लाळ देऊन करता येणारी ही डीएनए चाचणी मी एकाच कारणासाठी मागवली. एचआयव्हीचे निदान झाल्यानंतर, औषधे सुरू होण्यापूर्वीच्या काळात, माझा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूचे प्रमाण) प्रत्येक तपासणीत कमी येत असे आणि सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची, संख्याही चांगली टिकून होती; यामागे माझ्या जनुकांचा काही हात आहे का, हे मला समजून घ्यायचे होते. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘एचआयव्ही प्रतिकार’ असा स्वतंत्र विभाग दिसला, म्हणून हीच सेवा निवडली.

नमुना देण्याची व्यवस्था चांगली आहे. नळीवर आखलेल्या रेघेपर्यंत लाळ भरायची, वरचा फेस त्यात धरायचा नाही आणि त्याआधी अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही, या सूचना कोणालाही कळतील अशा भाषेत दिल्या आहेत. अहवालही सांगितलेल्या मुदतीत मिळाला.

माझी तक्रार अहवालातील त्या एका पानाबद्दल आहे. तेथे फक्त सीसीआर५ या जनुकाचा निकाल असून त्याखाली ‘डेल्टा३२ बदल आढळला नाही, प्रतिकार नाही’ एवढेच छापले आहे. यातील पहिले विधान बरोबर आहे. पेशीत शिरताना एचआयव्ही बहुतेक वेळा सीसीआर५ या प्रथिनाचा आधार घेतो, आणि जनुकाच्या दोन्ही प्रतींतून डीएनएच्या ३२ अक्षरांचा तुकडा गळालेला असेल (हाच डेल्टा३२ बदल) तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. अशाच दात्याच्या मूलपेशी २००७ मध्ये बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात देण्यात आल्या आणि त्यांचा एचआयव्हीही बरा झाला. मात्र दोन्ही प्रतींत हा बदल असणारे लोक उत्तर युरोपीय वंशातही सुमारे १ टक्काच आहेत, आफ्रिका आणि पूर्व आशियात तर तो क्वचितच सापडतो. म्हणजे जगातील बहुसंख्य ग्राहकांना हे पान तेच एक उत्तर देणार. शिवाय सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनामार्फत आत शिरणारे विषाणूही असतात, त्यांचा येथे उल्लेखही नाही.

माझा प्रश्न संसर्ग होण्याचा नव्हता, झालेला संसर्ग शरीर कसे आवरते याचा होता, आणि त्याचे उत्तर मुख्यतः सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांत, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेला बाधित पेशी ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांत आहे. औषधांशिवाय विषाणू ताब्यात ठेवणाऱ्या लोकांची तुलना इतर बाधितांशी करणारा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि संपूर्ण जनुकसंच चाळूनही ठळक फरक याच भागात सापडले. एचएलए-बी या प्रथिनाला एक खोबण असते. पेशीच्या आत तयार झालेले विषाणूचे तुकडे त्या खोबणीत बसवून मारक टी पेशींपुढे धरले जातात, आणि तुकडा कोणता व कसा बसेल हे खोबणीतील मोजक्या अमिनो आम्लांवर ठरते. एचएलए-बीच्या बी५७ आणि बी२७ या प्रकारांच्या खोबणीत विषाणूच्या कवचाचे असे भाग बसतात, की ते बदलून निसटू पाहणारा विषाणू बहुधा स्वतःच दुबळा होतो. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते, आणि पैसे मोजून घेतलेल्या अहवालात तिच्यासाठी एक ओळही नसावी याचे वाईट वाटते.

ती ओळ मला वेगळ्याच कागदावर मिळाली. अबॅकॅव्हिर हे औषध देण्यापूर्वी डॉक्टरांनी एचएलए-बी*५७:०१ (बी५७ चाच एक उपप्रकार) ची तपासणी लिहून दिली होती, कारण हा प्रकार असलेल्यांना त्या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. प्रयोगशाळेचा अर्ध्या पानाचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला, माझे औषध बदलले, आणि हाच प्रकार विषाणू आवरणाऱ्यांमध्ये अधिक आढळतो हेही डॉक्टरांनी त्याच भेटीत समजावून सांगितले. बी५७ असूनही अनेकांचा आजार वाढतो आणि तो नसतानाही काहींचा आटोक्यात राहतो, हेही त्यांनी बजावले. म्हणूनच मी गोळ्या रोज घेतो. व्हायरल लोड कमी असला तरी शरीरातील दाह चालूच राहू शकतो.

ग्राहक सेवेला पत्र लिहिल्यावर नम्र उत्तर आले की या चाचणीत एचएलएचे पूर्ण वाचन होत नाही. ही मर्यादा मला मान्य आहे, परंतु ती पत्रातून विचारल्यावर कळावी हे मान्य नाही. ‘प्रतिकार नाही’ वाचून कोणी धास्तावेल. त्याहून अधिक काळजी मला ‘प्रतिकार आहे’ असे वाचून कंडोम किंवा औषधे बाजूला ठेवणाऱ्याची वाटते.

केवळ एचआयव्हीच्या प्रश्नासाठी ही चाचणी घेऊ नये; आपल्या डॉक्टरांमार्फत एचएलए तपासणी करून घ्यावी. ‘येथे फक्त सीसीआर५ पाहिले आहे, एचएलए पाहिलेले नाही’ हे वाक्य त्या पानावर छापावे, असे मी कंपनीला कळवले आहे. ते छापले गेल्यास मी हा अभिप्राय सुधारून लिहीन.