वायझॅगला "नेव्हीचा पास" कोणी विकत असेल तर घेऊ नका

नाताळच्या सुट्टीत विशाखापट्टणमला, म्हणजे वायझॅगला, जाणाऱ्यांसाठी लिहून राहिलो, खास करून आपल्या नागपूर-गोंदियाकडच्या लोकांसाठी, समता एक्सप्रेस थेट जाते म्हणून आपल्याकडचे भरपूर जण तिकडे असतात. गाव मस्त आहे, समुद्र मस्त आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण नेव्हीचं गाव असल्यामुळे तिथे "परमिशन" या शब्दावर धंदा चालतो आणि त्यात आमचे पैसे गेले, आधार कार्डं पण गेली.

मेव्हण्याने मॅपवरून एक नंबर काढला. नाव असं ठेवलेलं की वाटावं टूरिझमवाल्यांचं सरकारी ऑफिसच आहे. रिव्ह्यू ढीगभर, सगळे पाच स्टार, नंतर नीट वाचले तेव्हा कळलं की दर दुसऱ्या रिव्ह्यूत तेच वाक्य. फोनवरचा माणूस हिंदी एकदम साफ बोलणारा. पहिलं काय विचारलं तर "घर के बुजुर्ग साथ में हैं क्या, सीढ़ी चढ़ पाएंगे ना?" सासूबाई तिथेच खूश, म्हणे किती काळजी करते बाप्पा पोरगा.

मग म्हणाला, कुरसुरा पाणबुडी तर सगळेच पाहतात, तुम्हाला डॉकयार्डातलं चालू जहाज आतून दाखवतो. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानची गाझी पाणबुडी वायझॅगजवळ बुडाली, ती जागा पण बोटीतून दाखवतो. आता गाझी खरंच तिथे बुडाली आहे, पाणबुडी पण खरंच बीचवर ठेवली आहे, त्यामुळे बाकीचं पण खरंच वाटतं. नेव्ही डे तर डिसेंबरच्या ४ तारखेला होऊन गेला ना, असं मी विचारलं तर म्हणे "सर, इस बार नेव्ही वीक एक्सटेंड हुआ है." दर माणशी ८५० रुपये पास, सिक्युरिटी क्लिअरन्ससाठी सगळ्यांच्या आधारचे फोटो दोन्ही बाजूंनी, आणि त्याच यूपीआयवर जवळच्या अराकू या डोंगराळ ठिकाणी जाणाऱ्या गाडीतल्या व्हिस्टाडोम (मोठ्या काचांच्या) डब्याच्या तिकिटांचे पैसे. नेव्हीचं काम म्हटल्यावर कागद मागणारच, आपण उलट प्रश्न विचारत नाही. हेच त्यांना पक्कं माहीत आहे.

पास व्हॉट्सअ‍ॅपवर आले. वर नांगराचं चित्र, खाली निळा गोल शिक्का, सही, सिरियल नंबर, क्यूआर कोड. सकाळी त्याने सांगितलेल्या गेटवर पोचलो तर तिथे रायपूरकडची एक फॅमिली आधीच उभी, पोट्टे नवे कपडे घालून, हातात तसेच पास. त्यांचा पास आमच्या पासाशेजारी धरला. सिरियल नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत सेम. नाव तेवढं वेगळं, तेही जरा तिरपं बसलेलं. गेटवरचा जवान शांतपणे म्हणाला, असा पास इथे कोणी देतच नाही, आणि गेटचे फोटो काढू नका. क्यूआर स्कॅन केला तर त्याच माणसाचं पेमेंटचं पेज उघडलं! म्हणजे पास दाखवणाऱ्याने परत पैसेच भरायचे. हसावं की रडावं.

फोन बंद. मग मला तिकिटांचा संशय आला. पीडीएफमध्ये सगळ्यांच्या नावापुढे "सीएनएफ", म्हणजे कन्फर्म, पण झूम करून पाहिलं तर ती अक्षरं बाजूच्या अक्षरांपेक्षा जाड. पीएनआर टाकून तपासला तर वेटिंग. यातली मेख समजून घ्या, पीएनआर खरा असतो, तिकीट खरंच काढलेलं असतं, फक्त वेटिंगचं. चार्ट लागला की वेटिंगचं ई-तिकीट आपोआप रद्द होतं आणि रिफंड ज्या खात्यातून पैसे गेले तिकडे जातो, म्हणजे त्याच्याकडे. आपण पहाटे स्टेशनवर हजर, आणि गाडीत टीटीईच्या यादीत आपलं नावच नाही. रेल्वेचा अधिकृत एजंट असेल तर रिफंडच्या वेळी ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो, म्हणून बुकिंगमध्ये नंबर तुमचाच टाकायला लावा. आयआरसीटीसीच्या स्वतःच्या पर्सनल आयडीवरून तिकिटं काढून विकणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. अराकूला शेवटी गाडी करून गेलो, घाटातून, सासूबाईंना उलट्या. व्हिस्टाडोममधून ते ५८ बोगदे बघायचे राहिले.

आता खरं कसं आहे ते. कुरसुरा १९६९ ला नेव्हीत आली, २००१ ला निवृत्त झाली आणि २००२ पासून आर के बीचवर म्युझियम आहे. तिकीट खिडकीवर मिळतं, कसलीच परमिशन लागत नाही. आत रिटायर्ड नेव्हीवाले माहिती देतात, भिंतीला भिंत लागलेली जागा, गोल दारातून वाकून जायचं, एवढ्याशा जागेत पाऊणशे माणसं राहायची हे बघूनच घाम फुटतो. फक्त सोमवारी बंद असतं, आणि त्या दिवशी बीचवर "स्पेशल एंट्री" वाले फिरतात असं आम्हाला चहावाल्याने सांगितलं. समोरच नेव्हीचं जुनं टीयू-१४२ विमान आहे, २०१७ पासून, तेही खिडकीवर तिकीट काढून. जहाजं लोकांना दाखवतात ती नेव्ही डेच्या आसपास, नेव्ही स्वतः पेपरात जाहीर करते, त्याचे पैसे घेत नाहीत. मुख्य कार्यक्रम पण दरवर्षी तिथेच असतो असं नाही, २०२२ ला वायझॅगला होता, २०२३ ला आपल्या मालवणला.

आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आम्ही सगळ्यांचं बायोमेट्रिक लॉक करून टाकलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दुपारी फोन केला, लवकर केला म्हणून थोड्या रकमेवर बँकेने होल्ड लावलाय, बाकीची पुढच्या खात्यात गेली होती. मेव्हण्याचं म्हणणं, एवढ्याशा पैशासाठी काहून कटकट, पण रायपूरवाल्यांनी पण तक्रार टाकली आणि दोन्हीत यूपीआय एकच निघाला.

मॅपवरचं ते नाव आम्ही रिपोर्ट केल्यावर गेलं. परवा पाहतो तर तेच फोटो, तेच रिव्ह्यू, नवीन नंबर, आणि नावात आता "नेव्हल" शब्द टाकलाय. दिसलं की रिपोर्ट मारा.