‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ : पूर्वार्ध सरस
‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या मालिकेचा हा जोडभाग १९९० साली जून आणि सप्टेंबर अशा दोन टप्प्यांत प्रसारित झाला. ‘एंटरप्राइझ’ या अंतराळयानाचा आपलाच कप्तान पिकार्ड बोर्ग (इतरांना अर्धयंत्र बनवून आपल्यात सामावून घेणारी शत्रूजमात) होऊन समोरच्या पडद्यावर शरणागती मागत असताना त्याचा दुय्यम अधिकारी रायकरने मारा करण्याचा हुकूम द्यावा आणि पूर्वार्ध तिथेच संपावा, ही लेखक मायकेल पिलर यांची करामत आजही अंगावर काटा आणते. वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळ बोर्गनी उद्ध्वस्त केलेल्या जहाजांमधून एंटरप्राइझ सरकते ते दृश्य सोडले, तर उत्तरार्ध मात्र फिका वाटतो. बोर्गना झोपेची आज्ञा देऊन साधलेली सुटका तर्काला पटते, पण फारच सोयीची आहे. रायकरच्या जागेवर डोळा ठेवून आलेली अधिकारी शेल्बी आणि तो स्वतः यांच्यातली धुसफूस कोणत्याही कचेरीत घडावी इतकी खरी उतरली आहे.