सुवर्ण गुणोत्तराची वही : दोन महिने वापरल्यावर

वेष्टनावर मोठ्या आकड्यांत ‘१.६१८’. हेच सुवर्ण गुणोत्तर : लांबी रुंदीच्या इतकी पट असली की तो सुवर्ण आयत. भूमितीय रेखाटन शिकवणाऱ्या बाईने असं काही पाहिलं की हात आपोआप फूटपट्टीकडे जातो. वही २१० बाय १३० मिमी, म्हणजे १.६१५. कुरकुर करायला जागा नाही.

मग वही उघडली आणि गुणोत्तर गेलं! दोन पानं शेजारी आली की रुंदी होते २६०. भागा २१० ने : जेमतेम १.२४. लिहिताना डोळ्यासमोर असतो तो हा बुटका आयत. सुवर्ण आयत दिसतो तो वही बंद असताना. ए-५ वहीचं तसं नाही. ती उघडली की ए-४ होते, आणि दोन्हींचं गुणोत्तर एकच, दोनचं वर्गमूळ, १.४१४. उघड्या पानांची झेरॉक्स काढली तर ए-४ कागद काठोकाठ भरतो. या वहीच्या झेरॉक्सला ३७ मिमीची कोरी पट्टी उरते. मी मुलांना सराव-आकृत्या वाटते, त्यामुळे दर वेळी कात्री.

मुखपृष्ठावर अर्थातच नॉटिलस या सागरी प्राण्याचा शंख, सुवर्ण सर्पिलाचा नमुना म्हणून नेहमी दाखवतात तो. सुवर्ण सर्पिल, म्हणजे याच गुणोत्तराने वाढत जाणारं वळण, एका पूर्ण फेऱ्यात ६.८५ पट मोठं होतं. नॉटिलस साधारण तिप्पट. आतलं पत्रक सांगतं की मेंदूला हाच आयत जन्मजात आवडतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ गुस्टाफ फेशनरने १८७६ साली मांडलेल्या प्रयोगात लोकांपुढे दहा आयत होते आणि सुवर्ण आयताला सर्वांत जास्त, सुमारे ३५ टक्के, पसंती मिळाली हे खरं. उरलेल्यांना मेंदू नव्हता काय?

वही वाईट नाही हो. शिवण पक्की आहे, पान सपाट पडतं, शाई मागे उमटत नाही. उभ्याने लिहिताना एका हातात नीट मावते, पण ते श्रेय अरुंदपणाचं. १२५ मिमीची असती तरी मावली असती.

मनापासून आवडली ती एकच गोष्ट, आणि तिची जाहिरात कुठेच नाही. प्रत्येक पानावर डावीकडून ५० मिमीवर एक फिकट उभी रेघ आहे. ८० भागिले ५० म्हणजे १.६ : सुवर्ण गुणोत्तर कामाला येतं ते इथे. उजवीकडच्या ८० मध्ये आकृती, डावीकडे मापं आणि खाडाखोड. अर्ध्यावर रेघ असती तर आकृती कोंबावी लागली असती. नेहमीच्या समासात मापं मावत नाहीत.

वही संपली. पुन्हा घेतलेली नाही. साध्या ए-५ वहीत उजवीकडे ९१ मिमी सोडून तीच रेघ पेन्सिलीने ओढते.