ओपनअ‍ॅट२ : चूक चालवून न घेणारा सिस्टिम कॉल

इंदूरला रामबागेतील आमच्या कार्यालयात होळकरकालीन मोडी कागदांच्या स्कॅन प्रती सांभाळण्याचे काम चालते. बाहेरून आलेल्या फाइलच्या नावाने ठरलेल्या फोल्डरबाहेर जाता येऊ नये, यासाठी आमच्या सी प्रोग्राममध्ये आम्ही फाइल उघडणाऱ्या जुन्या ओपनऐवजी लिनक्सचा ओपनअ‍ॅट२ हा सिस्टिम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काम मागण्याचा मार्ग) घेतला. २०२० मधील ५.६ कर्नलपासून तो उपलब्ध आहे.

पहिल्याच चाचणीत 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असा एरर येऊन एकही फाइल उघडेना. प्रोग्रामचे सिस्टिम कॉल दाखवणारे एस्ट्रेस हे साधन लावल्यावर दिसले की, फाइल नुसती वाचायची असतानाही आमचा कोड नव्या फाइलची वाचण्या-लिहिण्याची परवानगी ठरवणारा ०६४४ हा आकडा पाठवत होता. नवी फाइल करायची नसेल तर ओपन हा आकडा मुकाट्याने सोडून देतो, म्हणून ही चूक कित्येक वर्षे झाकलेली राहिली. ओपनअ‍ॅट२ ने ती पहिल्याच दिवशी दाखवली, याचे मला फार मोल वाटते.

फाइल कशी उघडायची हे सांगणारे पर्याय, म्हणजे फ्लॅग, एका आकड्यातील एकेका बिटाने पाठवले जातात; ओपन अनोळखी फ्लॅगकडेही असाच काणाडोळा करतो. तो आता कडक करावा, तर ज्या जुन्या प्रोग्राममधून नकळत एखादा भलताच बिट जात असेल, ते बंद पडतील. आणि त्याच बिटला उद्या नवा अर्थ दिला, तर ते प्रोग्राम भलतेच वागू लागतील. २०१३ मध्ये बिननावाची तात्पुरती फाइल करणारा ओ_टीएमपीफाइल हा फ्लॅग आणताना त्यात ओ_डिरेक्टरी या फोल्डरसाठीच्या जुन्या फ्लॅगचा बिट मिसळावा लागला तो याचसाठी, की जुन्या कर्नलने तो फ्लॅग नुसता गिळून न टाकता एरर द्यावा. म्हणूनच ओपनला हात न लावता काटेकोरपणा नव्या कॉलमध्ये आणण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. येथे आर्ग्युमेंट (कॉलला दिलेली माहिती) एका स्ट्रक्चरमधून, म्हणजे अनेक फील्डच्या एकत्र गठ्ठ्यातून, त्याच्या आकारासह जातात. पुढे त्यात नवी फील्ड आली, तरी ती शून्य असतील तोवर आजचा कर्नल ते स्ट्रक्चर स्वीकारतो, नसतील तर स्पष्ट नकार देतो.

गैरसोय एकच, पण खरी आहे. आमच्या दोन संगणकांवर उबुंटू २०.०४ चा मूळ ५.४ कर्नल आहे आणि तेथे हा कॉलच नाही. अशा वेळी साध्या ओपनकडे वळणे सोपे होते, परंतु मग फोल्डरबाहेर न जाण्याची हमी कोणालाही न कळता निघून गेली असती. म्हणून त्या दोन संगणकांवर आमचा प्रोग्राम एरर दाखवून थांबतो, आणि कर्नल बदलेपर्यंत तेथून फाइल घेणे आम्ही बंद ठेवले आहे.