यंत्र ह्यांचं, झोप दोघांची: घरच्या सीपॅपचा वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग भांडण. यंत्राला पाचपैकी साडेचार. मास्कच्या कुशनला शून्य. आणि ते कुशन सुटं द्यायला नकार देणाऱ्या डीलरला शून्याच्या खाली काही देता येत असेल तर ते.

सीपॅप म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास थांबतो (स्लीप ॲप्निया म्हणतात त्याला), तो थांबू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा सोडणारं यंत्र. फिक्स्ड एकच दाब धरून ठेवतं, ऑटो गरजेप्रमाणे कमीजास्त करतं. आमचं ऑटो आहे. यंत्राच्या दाबाचा पट्टा ४ ते २०चा, डॉक्टरांनी ७ ते १३ वर बांधून दिलाय. ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, आतच. नळी साधी, गरम होणाऱ्या नळीचे वेगळे पैसे सांगितले, मी नको म्हटलं. सगळं मिळून साठ हजारांच्या आतबाहेर गेलं. मेडिक्लेमवाल्यांनी त्यातला रुपया दिला नाही. यंत्र लावतात ते आमचे हे. मी लावत नाही. पण टाकी मी धुते, पाणी मी भरते, बिलं माझ्या फाइलला आहेत आणि वीस-बावीस वर्षं त्या घोरण्याशेजारी मीच झोपलेय, तेव्हा लिहिण्याचा हक्क माझाच.

आता कुशन. नाकाभोवती टेकते ती सिलिकॉनची पातळ झालर, बस्स, एवढीच वस्तू. घामाने आणि चेहऱ्याच्या तेलाने ती आधी सैल पडते, मग पिवळट होते. आमच्या कुशनला नाकाच्या दांडीपाशी नखाएवढी चीर गेली. त्या रात्रीपासून हवा सरळ डोळ्यांत. हे सकाळी लाल डोळ्यांनी उठायचे आणि यंत्राच्या पडद्यावर मास्कच्या चित्राखाली रडका चेहरा. आमच्या यंत्रात गळती मिनिटाला २४ लिटरच्या आत असली तर ठीक धरतात. आमची गळती चाळीस ओलांडून गेली होती.

डीलरला फोन केला. "मॅडम, कुशन सुटं येत नाही, पूर्ण मास्क घ्यावा लागेल." पूर्ण मास्क म्हणजे सात हजारांच्या घरात. मी बँकेत काउंटरवर बसते, कागद वाचल्याशिवाय सही घेत नाही आणि देतही नाही. मास्कच्या खोक्यातलं पत्रक काढलं. त्यात कुशनचा वेगळा पार्ट नंबर, साइजवार, छापलेला. फोटो पाठवला. मग उत्तर आलं, स्टॉक नाही. मागवा म्हटलं, तर म्हणे एक नग मागवता येत नाही. किती मागवावे लागतात? त्यावर दोन दिवस निळ्या टिका आणि उत्तर नाही.

ह्यांचं शेतीच्या पंपांचं आणि पाइपांचं दुकान आहे. ते शांतपणे म्हणाले, "अगं, हे गॅस्केट आहे. गॅस्केट गेलं म्हणून पंप बदला असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं, तर तो पंप माझ्याच डोक्यात घालेल." शेवटी पुण्याच्या दुसऱ्या विक्रेत्याकडून तेच कुशन, तोच पार्ट नंबर, दोन हजार आणि वर काहीतरी कुरिअर, असं चार दिवसांत घरी आलं. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना नाकाच्या मास्कचं कुशन महिन्याला दोन बदलून देते म्हणे. आम्ही ते तीन महिने पुरवायचं कसं याच्या युक्त्या करतो.

यावरून एक गोष्ट वाचली ती सांगते. हे यंत्र काढलं सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी. १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव छापला. सुरुवातीच्या यंत्रांत हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती आणि मास्क रोज रात्री नाकाला चिकटवावा लागे. चाळीस वर्षांत मोटर इतकी मुकी झाली की आमच्या पंख्याचा आवाज तिच्यापेक्षा जास्त. अक्कल सगळी मोटरीत गेली. नाकापाशी अजून चिकटवाचिकटवीच चालू आहे.

बरं, आता यंत्राला साडेचार का, ते.

ज्यांच्या घरात नुसतं घोरणं आहे त्यांना वाटतं आवाज हाच त्रास. आवाज परवडला. आवाज चालू आहे म्हणजे माणूस श्वास घेतोय. तो मधेच बंद व्हायचा, छाती वरखाली होताना दिसायची पण नाकातोंडातून काही नाही, आणि मी अंधारात उठून बसलेली. मग घशातून एक आचका, गाडी पुन्हा सुरू, आणि ह्यांना सकाळी यातलं काही आठवत नाही. "मी तर गाढ झोपलो होतो," हे ठरलेलं वाक्य. स्लीप स्टडीत, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजतात त्या तपासणीत, एएचआय ४१ आला. म्हणजे तासाला ४१ वेळा श्वास किमान १० सेकंद थांबणार किंवा अर्धवट होणार. पाचच्या आत नॉर्मल, तीसच्या वर गंभीर. रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत खाली. आता यंत्राच्या पडद्यावर रोज दोन, अडीच, कधी तीन.

सगळ्यात आधी थांबलं ते रात्रीचं लघवीला उठणं. त्यापायी आम्ही प्रोस्टेटची सोनोग्राफी केली होती, गोळ्या चालू होत्या, शुगर दोनदा तपासून झाली. फुप्फुसांच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा उलगडा झाला. घसा बंद असताना छाती हवा ओढायचा जोर लावते, त्या ओढीने हृदयाकडे जास्त रक्त येतं, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात. हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालं, आणि ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला सांगणारं हार्मोन सोडतं. म्हणजे रोग घशात आणि आम्ही इलाज करतोय खाली. आता हे बहुतेक रात्री एकदाही उठत नाहीत. प्रोस्टेटची गोळी डॉक्टरांनी बंद केली. मनाने आम्ही केलेली नाही, हे मुद्दाम लिहिते.

दुसरा फरक स्वभावात. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत तोंड टाकून बोलायचा, दुकानातल्या पोरावर खेकसायचा आणि संध्याकाळी टीव्हीसमोर पेंगत, कशातच रस नाही असा बसायचा. घरात आम्ही धरून चाललो होतो की धंदा बसलाय, त्याचं टेन्शन. फिजिशियननी मानसोपचाराची चिठ्ठी द्यायची तयारी केली होती. रात्रभर दर दीड मिनिटाला ज्याचा मेंदू दचकून जागा होतो, त्याचा मूड दिवसा कसा असेल, हे मला तरी आधी कोणी सांगितलं नव्हतं. सांगली-पुणे रस्त्यावर कराड मागे पडलं की ह्यांना झापड यायची, म्हणून खंबाटकीपर्यंत मी अखंड बडबड करत जायची. आता बडबड ऐच्छिक आहे.

डॉक्टरांकडे आठ प्रश्नांचा एक कागद असतो, एपवर्थ स्केल म्हणतात; वाचताना, टीव्ही बघताना, गाडीत बसून डुलकी लागेल का, असे प्रश्न. २४ पैकी गुण, दहाच्या वर म्हणजे झोप जास्तच येतेय. ह्यांनी स्वतः भरला तेव्हा ९ आले. मी भरला तेव्हा १७. डॉक्टरांनी माझा कागद फाइलला लावला.

जे झालं नाही तेही लिहायला हवं, कारण विकताना डीलरने तोंड भरून सांगितलं होतं. वजन उतरेल म्हणाला. उतरलं नाही, उलट किलोभर वाढलं. सीपॅपने आपोआप वजन कमी होत नाही, थोडं वाढल्याचंच अभ्यासांत दिसतं. बीपीची गोळी बंद होईल म्हणाला. सीपॅपने बीपी सरासरी दोन-तीन अंकांनी उतरतं. ह्यांचं तेवढंच उतरलंय, गोळी चालू. आणि "हार्ट अटॅकची भीती गेली" हे वाक्य तर कुणाच्याच तोंडून ऐकून घेऊ नका. २०१६ मध्ये 'सेव्ह' नावाचा मोठा अभ्यास आला. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेली सत्तावीसशेच्या वर माणसं होती. सीपॅप लावणाऱ्यांत पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसा येणारी झोप मात्र कमी झाली, मूड आणि कामावरची हजेरी सुधारली. त्यात माणसं रात्री सरासरी साडेतीन तासही यंत्र लावत नव्हती, म्हणून काही डॉक्टर म्हणतात पूर्ण रात्र लावलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं. असेल. पण साठ हजार घेताना डीलरने हे सांगायला नको?

आता माझं. १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात दहा जोडप्यांवर अभ्यास झाला होता. एकाला सीपॅप लावलं, आणि शेजारी झोपणाऱ्याची झोप मोजली. अंथरुणावरच्या वेळातला ७४ टक्के वेळ झोप लागत होती ती ८७ टक्क्यांवर गेली, म्हणजे रात्रीला तासाभराची झोप जास्त. हे वाचून मी ह्यांना म्हटलं, साठ हजारांतले तीस माझ्या नावावर टाका. माझी झोप वर्षानुवर्षं पाच-सहा तासांची, आणि मला वाटायचं मला तेवढी पुरते. २००३ च्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्रयोगात माणसांना दोन आठवडे सहा किंवा चार तासच झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरण एक पूर्ण रात्र जागलेल्यांइतकं घसरलं होतं, चार तासवाल्यांचं तर सलग दोन रात्री जागलेल्यांइतकं. पण झोप येतेय का विचारलं, तर फारशी नाही म्हणत होते. काउंटरवर संध्याकाळी कॅश जुळेना की मी दिवसाला दोष द्यायची. हल्ली पहिल्या झटक्यात जुळते. आणि माझं डोक्याच्या उजव्या बाजूचं दुखणं कधी थांबलं ते कळलंसुद्धा नाही.

अपडेट. वरचं लिहून तसंच पडलं होतं, मधे बरेच दिवस गेले. कुशनचं मत थोडं बदलतेय, त्यामुळे शून्याचं एक करते.

झालं असं की नवीन कुशन घालूनही गळती २४ च्या आत येईना. कारण मिशा. आमच्या ह्यांच्या मिशा कॉलेजपासूनच्या, कोल्हापूरकडच्या वळणाच्या. सिलिकॉन त्यावर टेकतच नाही, केसाकेसामधून हवा निसटते. मी एकदा विषय काढला. "अहो, यंत्रासाठी तरी," म्हटलं. घरात दोन दिवस अबोला. नाकपुड्यांत बसणारे पिलो मास्क मिळतात, मिशीवाल्यांना तेच सांगतात, पण ह्यांना ते खुपतात.

मग मी होजिअरीचा जुना बनियन घेतला, मऊ झालेला. कुशन त्यावर पालथं ठेवून पेनाने रेघ मारली, बाहेरून बोटभर जागा सोडून कापलं, आत नाकापुरतं भोक. कडेला शिवण नाही, शिवण टोचते आणि तिथूनच हवा जाते. ते कुशन आणि चेहऱ्याच्या मधे. पहिल्या रात्री गळती १८. दुसऱ्या रात्री ११. डॉक्टरांना दाखवलं, ते हसले आणि म्हणाले चालू दे, रोज धुवा फक्त. एका बनियनमध्ये सहा होतात. परदेशात असले कापडी लायनर पाकिटातून विकतात. शिवाय चेहऱ्याचं तेल कापड पितं, त्यामुळे कुशन अजून पिवळं पडलेलं नाही.

तेवढ्यात यंत्राचा अर्धा गुण मात्र कापते. त्याचं मोबाइलवरचं ॲप रोज सकाळी शंभरपैकी मार्क देतं, त्यातले ७० नुसते तास भरल्याचे. एएचआयला पाच. कॉलेजात हजेरीवर पास करायचे तसला प्रकार. हे टीव्ही बघताना मास्क लावून बसतात आणि सकाळी मला ९८ दाखवतात. ॲप ठेवा बाजूला, पडद्यावरचा एएचआय आणि गळती बघा.

बाकी किरकोळ. टाकीत बोअरचं पाणी चुकूनही नको, तळाला क्षारांचा पांढरा थर बसतो. आरओचंही नको, डिस्टिल्डच. बॅटरीचं पाणी म्हणून जे विकतात ते नाही, औषधाच्या दुकानातलं. उरलेलं पाणी रोज ओतून द्यायचं. थंडीत खोली गार आणि हवा ओली असली की नळीत पाणी साचून खळखळतं. नळी पांघरुणाखालून घेतली की थांबतं, गरम नळीचे पैसे वाचतात. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर ह्युमिडिफायर बंद ठेवा, सगळी वीज त्याचा हीटर खातो, मोटर फारशी खात नाही. घेताना बिलावर कुशनचा पार्ट नंबर आणि "सुटं मिळेल" असं लिहून घ्या, डीलरच्या सहीशिक्क्यानिशी.

आता धाकट्या दिरांची स्लीप स्टडी आहे. जाऊबाईंचा रोज फोन असतो, यंत्र कुठलं घेऊ म्हणून. मी म्हटलं आधी रिपोर्ट येऊ दे, नुसतं घोरणं असेल तर कुशीवर झोपूनही काम भागेल. मात्र यंत्र लागलंच तर त्यांना लायनर कापावा लागणार नाही. दीर रोज दाढीमिशी साफ करतात.